नगाऱ्यावरची मोहरी

आमच्या घरात एकच खोली होती आणि तिच्यातली निम्मी जागा कातड्यांची होती. उरलेल्या निम्म्यात आम्ही तिघं. अण्णा, म्हणजे माझे वडील, माय आणि मी. पावसाळ्यात कातडं वाळत नाही, ताणलं तरी टिकत नाही. त्यामुळे आभाळ भरून आलं की अण्णांच्या हातातलं काम संपायचं ते थेट दसऱ्यालाच सुरू व्हायचं. ते चार महिने माय दुसऱ्यांच्या हळदीत खुरपायला जायची. भाकरी असली तर कालवण नसायचं, आणि कालवण झालंच तर त्याला तिखटमिठाशिवाय काही नसायचं. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं. कपडे रोज धुतलेले असायचे, पण ओल्या कातड्याचा वास धुतल्यानं जात नाही. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. होतं ते सांगते. त्याच वासात मी बाराखडी गिरवली आणि त्याच वासात पदार्थविज्ञानाची गणितंही सोडवली.

यंदा पुन्हा पळस फुललाय. मी शिरड शहापूरच्या एका शाळेत शिकवते. संध्याकाळी घरी परतताना वसमतला एसटी बदलून हट्टा गावच्या रस्त्याला लागले की दोन्ही अंगांना हळद शिजत असते. बॉयलरची पांढरी वाफ रस्त्यावर येते, बसमधली माणसं नाक वर करून म्हणतात, लागली बुवा हळद शिजायला. त्यांना तो वास आवडतो. माझा हात मात्र अजून आपोआप वेणीकडं जातो.

वेणीचं सांगायचं तर आधी अण्णांच्या कानाचं सांगायला पाहिजे.

अण्णा वाद्यं मढवतात. ढोलकी, डफ, संबळ, हलगी, आणि आसपासच्या तांड्यांचे नगारे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं. कातडं भिजवायचं, खरवडायचं, भांड्यावर ताणायचं, कातड्याच्याच वाद्यांनी, म्हणजे पट्ट्यांनी, आवळायचं आणि मग काठाकाठानं ठोकत फिरायचं. सगळीकडं आवाज एकसारखा आला की वाद्य तयार. एके जागी जरी ढब् आलं तर पुन्हा वाद्या सोडा, पुन्हा आवळा. तीस वर्षं पुडीला, म्हणजे ताणलेल्या कातड्याला, कान लावून ठोकणाऱ्या माणसाचा कान किती दिवस साथ देणार? मी सहावीत असताना त्यांचा उजवा कान पुरता गेला. डावा हळूहळू जाऊ लागला. वाद्य चढलंय का उतरलंय हे त्यांच्या तळव्याला कळायचं, पण ते एका अंगानं ढिलं आहे का, हे कानाशिवाय कळत नव्हतं. आणि बहिऱ्या माणसाकडं ढोलकी मढवायला कोण देणार?

मग आमचं ठरलं. गिऱ्हाईक अण्णांच्या समोर बसायचं. मी गिऱ्हाइकाच्या पाठीमागं, पुस्तक उघडून. अण्णा काठानं एकेक टिचकी मारत जायचे. बराबर वाजलं की मी पान उलटायची. ढिलं वाजलं की वेणीला हात. अण्णा मान डोलवून म्हणायचे, "हं, इथं जरा कसर हाय." गिऱ्हाईक थक्क व्हायचं. वस्तादाचा कान म्हणजे कान!

एकदा ओढ्यापलीकडच्या तांड्याचा नायक, म्हणजे तिथला प्रमुख, डफ घ्यायला आला होता. जाता जाता माझ्याकडं वळून म्हणाला, "पोरी, सोळा पानं वाचलीस, अन् पुस्तक अजून पहिल्याच धड्यावर कसं काय?"

मायनंच उत्तर दिलं, "तिला ध्यानात राहत न्हाई हो. पुन्हा पुन्हा वाचून राहती."

नायक गेल्यावर आम्ही तिघंही हसलो. मी मात्र अण्णांना एकदा विचारलं होतं, हे खोटं नाही का? त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला ती एक सोय असते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मीच. वसमतच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक होतं, जगभरातल्या तालवाद्यांचं. चकचकीत कागद, पानोपान फोटो. ते घरी न्यायला देत नसत. मी दुपारच्या सुट्टीत बसून वाचायची आणि संध्याकाळी अण्णा कातडं खरवडत असताना त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन सांगायची. सांगायची म्हणजे ओरडायची. अर्ध्या वस्तीला त्या वर्षी जगाचे ढोल पाठ झाले.

"जपानमध्ये एवढा मोठा ढोल असतो, तायको म्हणतात. त्याचं कातडं ताणताना कारागीर त्याच्यावर उभे राहतात. पायानं तुडवतात."

अण्णांनी हातातली खुरपी खाली ठेवली. "कातड्यावर? पायानं?" थोडा वेळ विचार केला. मग समोरच्या नगाऱ्याकडं बघू लागले.

"खबरदार," माय चुलीपासून ओरडली. "जपानला जाऊन तुडवा."

आयर्लंडचा बोरान आपल्या डफाचा भाऊच. बकरीचं कातडं, एका हातात काठी, दुसरा हात आतून कातड्यावर फिरवून आवाज बदलायचा. हे अण्णांना लगेच पटलं. पश्चिम आफ्रिकेतला काखेत धरायचा ढोल मात्र पटेना. मधे बारीक, दोन्ही तोंडं मोठी, दोऱ्या दाबल्या की आवाज चढतो, सोडल्या की उतरतो. त्यांच्या भाषेतले चढउतार तसेच काढून तो माणसांची नावं घेतो, निरोप सांगतो.

"बोलतो?" अण्णा म्हणाले.

"व्हय, बोलतो."

माय म्हणाली, "आपल्या घरात माणूस बोललेलं कुणाला कळत न्हाई, अन् तुझा ढोल बोलून राहिला."

एक फोटो मात्र मी त्यांना कधीच नीट सांगू शकले नाही. पार उत्तरेकडं, बर्फात, सामी लोक राहतात. त्यांच्या ढोलावर रेनडिअरचं कातडं असतं आणि कातड्यावर चित्रं काढलेली असतात. सूर्य, जनावरं, माणसं, होड्या. त्यावर पितळेची एक लहान कडी ठेवायची आणि हातोडीनं ढोल वाजवायचा. कडी उड्या मारत चित्रांवरून फिरते आणि जिथं थांबते त्यावरून शिकार कुठं मिळेल, आजारी माणूस उठेल का, हे ते वाचायचे. बाहेरून आलेल्या धर्मोपदेशकांनी ते ढोल हिसकावले, पुष्कळसे जाळले.

"जाळले? काहून?"

"त्यात सैतान हाय म्हणून."

अण्णांनी हातातली खुरपी थांबवली. मग म्हणाले, "ढोल जाळायला लई जोराचा जाळ लागतो. कातडं लवकर पेट घेत न्हाई." आणि पुन्हा खरवडू लागले.

ती उडणारी कडी माझ्या डोक्यात राहिली. तिसऱ्या वर्षाला प्रयोगशाळेत सरांनी पत्र्यावर बारीक वाळू टाकली आणि पत्रा कंप पावू लागला, तेव्हा वाळू नाचत नाचत रेघांमध्ये गोळा झाली. पोरी मोबाइल काढून शूटिंग करू लागल्या. मी तशीच उभी राहिले. जिथं पत्रा जास्त हलतो तिथून वाळू पळते, जिथं हलत नाही तिथं बसते, हे सर सांगत होते, आणि मला समोर आमचा नगारा दिसत होता. आवाज कानांनीच ऐकावा लागतो असं थोडंच आहे?

त्याच वर्षीचा फाल्गुन. नायकाच्या तांड्याचा पिढ्यानपिढ्यांचा नगारा आमच्याकडं आला होता. कातडं फाटलेलं. होळीची लेंगी त्याच्याशिवाय होत नाही. लेंगी म्हणजे त्यांची होळीची गाणी, तांडा गोल धरून नाचतो ती. तांड्यातल्या तरण्या पोरांना मात्र नांदेडहून फायबरचा ढोल आणायचा होता. नटबोल्टचा, पान्यानं आवळायचा. नायकानं त्यांना सांगितलं होतं, वस्तादानं नगारा एकसारखा करून दिला तर तोच वाजेल, न्हाई तर तुमचा आणा. आसपासचे पाच-सहा तांडे या नायकाकडं बघून चालतात. हा गेला की सगळे गेले. नायकानं नगारा ठोकून, तपासून न्यायला बुधवार धरला.

आणि सोमवारी कॉलेजच्या फलकावर कागद लागला. प्रॅक्टिकल परीक्षा पुढं ढकलली होती. माझी तुकडी बुधवारी, सकाळी अकरा.

मी घरी येऊन सांगितलं तेव्हा मायनं भाकरी तव्यावरच करपू दिली. नायकाला दिवस बदलायला सांगू, मी म्हणाले. कोणत्या तोंडानं सांगणार? वस्ताद घरीच असताना दिवस काहून बदलायचा? मग मी म्हणाले, मी परीक्षेला जात नाही. अण्णांना ते पहिल्याच झटक्यात ऐकू आलं.

"पुन्हा म्हण बरं," ते म्हणाले.

मी पुन्हा म्हणाले नाही.

मंगळवारी कॉलेज बुडवून आम्ही अंगणात, नव्या कातड्यानं मढवलेल्या नगाऱ्यावर, सरांच्या पत्र्यासारखे प्रयोग केले. पहिल्यांदा वाळू. ती कातड्याच्या बारीक केसांत अडकून बसली. मग ज्वारी. ती जड, दोन उड्या मारून घरंगळत खाली. अंगणात कोंबड्या जमल्या. मायच्या सांगण्यावरून हळदीची पूड टाकली तर ती चिकटून नगारा नवरीसारखा पिवळा झाला. मायनं कपाळावर हात मारला आणि आतून डबा आणला. मोहरीचा.

मोहरी नाचली. अण्णा कापड गुंडाळलेल्या काठीनं मधोमध हळू ठोके देत राहिले. काळे दाणे टणटण उडत काठाकडं गेले आणि काठापासून चार बोटांवर त्यांनी गोल कडं धरलं. मी मुद्दाम एक वादी ढिली केली. कडं तिथंच मोडलं. दाणे त्या अंगाला गोळा झाले. मी वादी पुन्हा आवळली, कडं पुन्हा पुरं झालं.

अण्णा ठोके द्यायचे थांबले. नगाऱ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा माझ्या वेणीकडं बघावं लागलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मी निघाले तेव्हा रस्त्यापलीकडच्या मळ्यात बॉयलर येऊन उभा होता. त्यांची हळद त्याच दिवशी शिजायची होती. वाफ आमच्या अंगणाकडंच येत होती. ओल लागली की कातडं ढिलं पडतं, आणि तेही ज्या अंगाला ओल लागली त्याच अंगाला. मी एसटीत चढले आणि मागं वळून बघितलं तर अण्णा नगारा उचलून भिंतीआड नेत होते. एकटे. तो नगारा एकट्यानं उचलायचा नसतो.

परीक्षेत माझ्या वाट्याला लंबकाचा प्रयोग आला. दोलनं मोजायची. मी तीनदा चुकले. घड्याळात साडेअकरा वाजले तेव्हा नायक पोचला असेल. बारा वाजले तेव्हा अण्णा नगाऱ्याच्या काठाशी बसले असतील. समोर गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाच्या मागं रिकामी जागा. बाहेरून आलेले परीक्षक समोर बसून तोंडी प्रश्न विचारत होते. म्हणाले, "ताणलेल्या पडद्याचा ताण सगळीकडे सारखा आहे हे कसं तपासाल?"

मी म्हणाले, "मोहरी टाकून, सर."

शेजारची पोरगी फिस्सकन हसली. परीक्षक हसले नाहीत. "सांगा," म्हणाले. मी सांगत गेले. काय काय बोलले आठवत नाही. एवढंच आठवतं, की बोलताना मी सारखी घड्याळाकडं बघत होते.

घरी काय झालं ते मायनं मला नंतर किती वेळा तरी सांगितलं. नायक चार माणसं घेऊन आला. बरोबर त्याची म्हातारी आई. तिला सगळा तांडा याडी म्हणतो, त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. आणि नायकाचा पुतण्या, फायबरवाला.

अण्णांनी तळवा ठेवला, नगारा चढवला. मग कुणाला काही न सांगता मूठभर मोहरी कातड्यावर टाकली.

याडी उठूनच उभी राहिली. "दृष्ट काढून राहिला का वस्ताद?" मोहरीनं दृष्ट काढायची रीत सगळ्यांच्याच घरात. तिनं नगाऱ्यावरून हात उतरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. नायक खूश. "हे बेस केलं. नगाऱ्याला नजर लागलीच व्हती. ह्या पोरांचीच लागली."

माय म्हणते, तिचा जीव भांड्यात पडला. देवानंच तोंडात उत्तर घातलं होतं. दृष्ट म्हटलं की झालं. मोहरी का, डोळे कशावर, कान कुठं, कुणी विचारणार नव्हतं. आज नाही, पुढंही कधी नाही. तिनं अण्णांच्या गुडघ्याला हळूच हात लावला, गप राहा म्हणून.

अण्णांनी काठी खाली ठेवली.

"याडी, ही दृष्ट न्हाई," ते म्हणाले. "मला ऐकू येत न्हाई. उजव्यानं काहीच न्हाई, डाव्यानं कमी. इतकी वर्षं माझी पोरगी मागं बसून ऐकत व्हती अन् मला खुणावत व्हती. आज तिची परीक्षा हाय. जाताना ती मला हे शिकवून गेली. हे मंतर न्हाई. कॉलेजची विद्या हाय."

पुतण्या हसला. "घ्या! बहिऱ्यानं बांधलेला नगारा. काका, चला नांदेडला."

 माय म्हणते, बॉयलरचा आवाज तेवढा येत होता.

मग नायक खाली बसला. स्वतः. काठी घेतली आणि कान नगाऱ्याला लावून काठाकाठानं टिचकी मारत फिरू लागला. पूर्ण फेरा झाला. पुन्हा मागं आला, एके ठिकाणी थांबला. रस्त्याच्या अंगाला, जिथून वाफ येत होती. "इथं जरा ढब् बोलून राहिला," तो म्हणाला.

अण्णांना ते ऐकू आलं नाही. ते मोहरीकडं बघत होते. त्याच वेळी त्यांनी त्याच जागेवर बोट ठेवलं. "व्हय, हितं कडं मोडून राहिलं."

नायकानं अण्णांच्या बोटाकडं बघितलं, आपल्या काठीकडं बघितलं. दोन्ही एकाच वादीवर.

मायनं कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. नगाऱ्याचं ते अंग शेकलं, वादी आवळली. मोहरीनं कडं पुरं केलं. नायकानं पुन्हा एक फेरा मारला.  चौघांनी नगारा उचलला आणि नेला. नायक बरा म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. पुतण्या मागून पुटपुटत गेला. याडीनं मात्र अंगणातली सांडलेली मोहरी वेचून पदराला बांधली. तिच्या मतानं ती दृष्टच होती.

मी चारच्या एसटीनं आले. अण्णा अंगणात बसले होते, समोर नगारा नव्हता. मायनं सगळं सांगितलं. मी अण्णांवर चिडले. गप्प राहता येत नव्हतं का? त्यांनीच तर गप्प राहायची सोय शिकवली होती. अण्णा म्हणाले, "त्या बर्फातल्या माणसांचे ढोल काहून जाळले म्हणालीस?"

"सैतान हाय म्हणून."

"मग? तू रात्रंदिस वाचून काढलेली गोष्ट, अन् मी ती भुताखेताच्या खात्यात घालू?"

ते मला पटलं. पण काळजी काही कमी झाली नाही. आता काय होईल हे आम्हाला तिघांनाही माहीत नव्हतं. उजेड उतरू लागला. मायनं चूल पेटवली नाही. अण्णा तांड्याच्या दिशेला तोंड करून बसले, ऐकू येणार नाही हे माहीत असूनही.

ओढ्यापलीकडून पहिला ठोका आला तेव्हा बॉयलर नुकताच बंद झाला होता. मग दुसरा. मग लेंगीचा ठेका, आणि त्यावर माणसांचे आवाज. नगारा नेहमीपेक्षा खोल वाजत होता. फायबर असा वाजत नाही, ते माझ्या कानाला पक्कं ठाऊक होतं. मी कितीतरी वेळ ऐकत राहिले. काठाला कुठं ढब् येतंय का, म्हणून. येत नव्हतं.

अण्णांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "वाजला का?"

मी ओरडून सांगितलं नाही. आत गेले, पुस्तक आणलं, त्यांच्या समोर बसले आणि एक पान उलटलं.

ते हसले. मग मायला म्हणाले, "भाकरी टाक की गं, काहून बसून राहिलीस?"

सगळंच गोड झालं असं नाही. वसमतच्या दोन गाण्याच्या पार्ट्या पुढं आमच्याकडं आल्या नाहीत. बहिऱ्याकडं ढोलकी कशी द्यायची, असं एक जण एसटी स्टँडवर माझ्यासमोरच म्हणाला. मी त्याला मोहरीचं सांगितलं, तो हसला. त्याला हसू दे. तांडे मात्र राहिले. याडी अजून दर होळीला मोहरीची पुरचुंडी घेऊन येते, आणि अण्णा तिच्या समोरच ती नगाऱ्यावर टाकतात. दर वेळी ते तिला सांगतात की ही दृष्ट नाही. ती दर वेळी बोटं मोडते. यंदाही मोडली.

पहिल्या पगारातून मी अण्णांना कानाचं यंत्र आणलं. ते जेवताना लावतात, मायशी भांडताना काढतात, आणि वाद्य मढवताना तर डब्यातच ठेवतात. म्हणतात, यंत्र सगळंच मोठं करून सांगतं, मोहरी जेवढ्यास तेवढं.

त्या होळीच्या वर्षीच मी बी.एस्सी. पास झाले होते, आमच्या घरातली पहिली. आता अण्णांच्या अंगणात गिऱ्हाईक बसतं तेव्हा त्याच्या पाठीमागं कुणी बसत नाही.